धोंडूशेठ, तिला सांगा

‘चि. सौ. कां.’ एवढं पडद्यावर उमटलं आणि धोंडूशेठ बसले. बसले म्हणजे चढावर भरल्या गाडीचा बैल बसतो तसे. आधी घशातली घरघर वाढली, मग एक लांब सुस्कारा, मग पडदा काळा, आणि त्या काळ्या पडद्यात सांडूचं स्वतःचंच तोंड, चष्मा कपाळावर, ओठ अर्धे उघडे, बोलता बोलता कुणी जीभ काढून नेल्यासारखं. धोंडूशेठ हा कम्प्युटर. लेक सोनिया शाळेत दोन वेण्या घालून जायची तेव्हाचा, दुधाचा रंग होता तो आता चहाचा झालेला, आणि त्या वैशाखात तापून मधेच बंद पडण्याचा त्यानं सपाटा लावला होता. ऊन तर असं पडलं होतं की औरंगपुऱ्यातली कुत्री सावलीसाठी एकमेकांच्या पोटाखाली शिरायची आणि कोण कुणाच्या खाली आहे हे मग त्यांनाच कळेनासं व्हायचं. सांडूनं डब्याला हात लावला आणि चटकन काढून घेतला. त्यावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. असती कशाला, संध्याकाळी टपरीवर सांगताना ती फुगलीच, आणि तिला पापुद्राही सुटला. ऐकणाऱ्यांपैकी एकानं तर सोबत ठेचा होता का म्हणून विचारलं. पण त्या क्षणी, दुपारी, उस्मानपुऱ्यातल्या माडीवरच्या त्या खोलीत भाकरी नव्हती, ठेचा नव्हता, ऐकायला कुणी नव्हतं. बोट अजून स्पेसबारवर टेकलेलं होतं. मघाशी त्यानं कीबोर्डवर काय मारलं होतं? ‘चिसौ’. ते तर धंद्यातलं, रोजचं, त्यातून ‘चि. सौ. कां.’ यायचंच. त्याच्यापुढं तो जे मारणार होता ते मारायचं राहिलं, आणि ते राहिलं याचं त्याला जे बरं वाटलं, त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

धोंडूशेठ हे नाव बायकोनं, संध्यानं, ठेवलेलं. सांडूच्या नावाची गोष्ट तिनं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती पोट धरून हसली होती. अजिंठ्याकडच्या त्याच्या गावात त्याच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिसऱ्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, पसाभर ज्वारी घेऊन आईला परत दिलं, आणि नाव पडलं सांडू. सांडलेलं. सांडलेल्या वस्तूसाठी मरण वाकत नाही, त्याची कंबर धरलेली असते, असं त्या काळच्या बायकांचं शास्त्र. पुढं गुलमंडीच्या मागच्या बोळात दोघांनी पत्रिकांचं दुकान टाकलं, कम्प्युटर आला, त्याला हार घालायच्या आधी संध्या म्हणाली, “ह्याचंही नाव असंच कायतरी ठेवू. धोंडू. म्हणजे तुमच्यासारखा टिकंल.” शेठ मागनं लागलं, धंदा चालायला लागल्यावर. टाइप ती करायची. सांडू पुढं गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचा. एका पार्टीला त्यानं पटवलं होतं की पत्रिकेवरचा हा हत्ती वेरूळच्या हत्तीवरून काढलाय आणि मूळ हत्तीची सोंड बघून दुरुस्त केलाय. मागं खटखट चालू. संध्याची बोटं झपाझप, कारण लांबलचक मजकूर तिनं दोन-तीन अक्षरांत बांधून ठेवलेले. ‘नबु’ मारून स्पेसबार दाबला की ‘॥ नमो बुद्धाय ॥’. ‘कुल’ मारलं की ‘आमच्या येथे कुलस्वामिनीच्या कृपेने’. ‘मंप’ला ‘मंगल परिणय’. ‘मावशी’ मारलं की ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ आणि शेजारी दोन चिमण्या. ‘औ’ला ‘औरंगाबाद’, शहराचं नाव बदलल्याचं धोंडूशेठना कुणी कळवलं नव्हतं, कारण कळवणारी त्याच्या आधीच गेली. डब्याच्या मागं आगपेटीएवढं एक लॉक खोचलेलं होतं, ते असलं तरच ते जुनं मराठी चालायचं. तीच फाईल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडली तर नवरदेवाच्या नावाच्या जागी उंदराच्या लेंड्या दिसायच्या. म्हणजे संध्याचं सगळं बोलणं होतं ते ह्या एका डब्यात, ह्या एका लॉकाच्या बळावर, आणि तो डबा आता तापानं फणफणत होता.

बोलणं म्हणायचं कारण अबोला. अबोला कशावरून झाला हे सांडूला आता सांगता येत नव्हतं. म्हणजे सांगता येत होतं, तीन प्रकारे येत होतं. टपरीवरच्या मंडळींना माहीत होतं की त्यानं एका आमदाराच्या भाच्याची पत्रिका रातोरात देण्याचा शब्द दिला आणि संध्याला तापात बसवून टाइप करायला लावलं. सोनियाला माहीत होतं की आईला दुकान बंद करायचं होतं आणि बाबा ऐकत नव्हते. पैठणच्या मेहुणीला माहीत होतं ते भलतंच, त्यात एक पैठणी होती आणि एक मोर. तिन्ही गोष्टी इतक्यांदा सांगून झाल्या, दरवेळी इथं थोडं घासून तिथं थोडं रंगवून, की खऱ्या कारणाला बसायला जागाच उरली नाही. ते कधीतरी मुकाट्यानं उठून गेलं. छोटं होतं, एवढंच आठवत होतं. छोटं होतं म्हणून तर मोठं करून सांगावं लागलं. डाळीत मीठ, किंवा उघडं राहिलेलं दार, किंवा चारचौघांत तो काहीतरी रंगवून सांगत असताना ती मागनं बोलली, ‘असं झालं नव्हतं.’ हेच असेल का? ह्या शेवटच्याजवळ आला की सांडूचं मन पाय भाजल्यासारखं मागं व्हायचं. अबोल्याचा कायदा मात्र पक्का आठवत होता. तो आधी ‘अगं’ म्हणाला तर तो हरला, ती आधी ‘अहो’ म्हणाली तर ती. बाकी सगळं चालतं, मधे फक्त तिसरं कुणी लागतं. सोनिया लग्न होऊन पुण्याला, मांजर पाळलेलं नाही, भिंतीशी बोलावं तर पलीकडच्या बिऱ्हाडाला वाटायचं आपल्यालाच म्हणतात. दुकान बंद होऊन कम्प्युटर घरी आलेला होता. मग काय, “धोंडूशेठ, ह्यांना सांगा, जेवण वाढलंय.” “धोंडूशेठ, तिला सांगा, भूक नाही.” “धोंडूशेठ, ह्यांना विचारा, भूक नाही तर डब्यातले लाडू कुणी खाल्ले?” “धोंडूशेठ, तिला सांगा, मुंग्यांनी.” एवढं बोलायची ती दोघं की बोलती असताना बोलत नव्हती. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तिळगूळ धोंडूशेठच्या डोक्यावर ठेवून एकानं दुसऱ्याचा उचलला. त्यात मजा होती. ती केव्हा संपली आणि नुसता अबोलाच उरला, हा दिवस काही त्यानं पाहून ठेवला नाही.

मग एका वैशाखातच ती बहिणीकडं पैठणला निघाली. “धोंडूशेठ, ह्यांना सांगा, भाकरी झाकून ठेवलीय.” तिनं चपला घातल्या, जिना उतरायला लागली. उन्हात निघताना पदराच्या टोकाला कांदा बांधायचा हा तिचा नेम, तिच्या आईचा, आजीचा. कांदा सोबत असला की ऊन बाधत नाही. त्या दिवशी तो कांदा टेबलावर राहिला, कीबोर्डच्या शेजारी, छोटा, लाल, वरचं साल सुटत आलेलं. सांडूनं पाहिला. ती पाचव्या-सहाव्या पायरीवर असेल, चपलेचा आवाज येत होता. एवढंच म्हणायचं होतं, अगं, कांदा राहिला. जिभेवर ‘अ’ आला होता, त्याची चव आजही येते, गंजलेल्या पत्र्यासारखी. त्यानं धोंडूशेठकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, “धोंडूशेठ, तिला सांगा, कांदा राहिला.” धोंडूशेठ बंदच होते, आणि चालू असते तरी काय? पैठणला धरणाकडनं येताना तिला ऊन लागलं. बहिणीच्या ओसरीवर निजवलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, अंग इतकं तापलेलं की पट्टी ठेवेपर्यंत वाळायची, असं मेहुणी म्हणाली. मेहुणी थापा मारणारी नव्हे. कांद्यानं काही झालं नसतं. डॉक्टरही हेच म्हणाला, कांद्यानं काही होत नाही. सांडूला ते पटलेलं होतं. फक्त तिची माती झाल्यावर पुरुषमंडळी बसली असताना त्याच्या तोंडून निघून गेलं की, मी कांदा घेऊन तसाच अनवाणी पळालो, स्टँडवर गेलो तर बस निघालेली, मग बसमागं पळालो, पार महानुभाव आश्रमापर्यंत, कंडक्टर खिडकीतून हसत होता. एकानं त्याच्या तळपायांकडं पाहिलं.

संध्याच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका तो स्वतः टाइप करायला बसला. एका बोटानं, अक्षरं शोधत. खाली निमंत्रकात स्वतःचं नाव घालायचं म्हणून ‘सां’ मारलं, बोट चुकून स्पेसबारवर पडलं आणि पडद्यावर आलं: ‘सांडलेलं मीच उचललं होतं, विसरू नका.’ तो मोठ्यानं हसला. घरात पाहुणे होते, सोनिया धावत आली, बाबांना काय झालं म्हणून. त्यानं पडदा हातानं झाकला. तेव्हापासून हा शोध सुरू झाला. अबोल्याच्या त्या सगळ्या महिन्यांत तो गादीवर पडून टीव्ही बघत होता तेव्हा मागं खटखट चालू असायची, ती पत्रिकांची नव्हती. पत्रिका कुठं होत्या तेव्हा! तिनं त्याच्या एकेका शब्दापाशी काहीतरी पेरून ठेवलं होतं. ‘चष्मा’ मारलं की ‘कपाळावर बघा.’ ‘मीठ’ला ‘आज जास्त पडलंय, बोलू नका, तसंही बोलत नाहीच.’ ‘गोळी’ला ‘बीपीची घेतली का? खोटं नको.’ ‘थाप’ मारलं तर नुसतं ‘पुरे.’ ‘सोनि’ मारलं की ‘तिला फोन करा, मी सांगितलं म्हणू नका.’ सुरुवातीला रोज एखादं सापडायचं, पाऊस पडल्यावर शेतात जुने मणी वर यावेत तसं. मग आठवड्यानं. मग महिना महिना काही नाही, जे मारावं तेच कोरडं उमटायचं. आणि सापडलेल्यांपैकी एकही ‘अहो’नं सुरू होत नव्हतं. कायदा तिनं पाळला होता. सांडूला हवं होतं ते एवढंच, एक ‘अहो’. ते मिळालं तर अबोला तिनं सोडलेला असणार, आणि तिनं सोडलेला असला तर ती जिना उतरली ती बोलती उतरली, आणि मग त्या जिन्यावरचा तो ‘अ’ एवढा जड राहणार नाही. त्यानं ‘अहो’ मारून पाहिलं होतं, फार पूर्वी. कोरडं. ‘ऐका’, ‘माफ’, ‘कांदा’, ‘पैठण’, शिव्यासुद्धा मारून पाहिल्या. एका शिवीला ‘शोभतं का’ आलं, तो दिवस सणाचा गेला. एकच शब्द मारलेला नव्हता. तो शेवटचा म्हणून ठेवला होता, की शेवटचा होऊन बसला होता, कुणास ठाऊक.

दुरुस्तीला सुदर्शन आला. टी.व्ही. सेंटरला त्याचं दुकान, चाळिशी उलटलेली, पोट त्याच्या आधी खोलीत शिरायचं. त्यानं झाकण काढलं, फुंकर मारली आणि खोकत मागं सरला. आतून धुळीची गोधडी निघाली. पाइपलाइनसाठी खोदलेल्या सगळ्या रस्त्यांची धूळ त्या एका डब्यानं ओढून घेतली होती.

“काका, हे कम्प्युटर नाय, पिठाची गिरणीय.”

“तुझ्या लग्नाची पत्रिका ह्यांनीच काढलीय. जरा मान ठेवून बोल.”

“म्हणून तर बोलतोय. माझ्या सासऱ्याच्या नावाआधी ‘कै.’ लावलं व्हतं तुम्ही! जित्ता माणूस मांडवात बसून सोताचं ‘कै.’ वाचत व्हता. आजून माझ्याशी सरळ बोलत नाय.”

“आहेत ना अजून?”

“हायेत की. ठणठणीत. पहाटं उठून चालायला जात्यात.”

“मग? आधीच लावून ठेवलेला माणूस लवकर जात नसतो. मला बघ.”

सुदर्शन हसला, पण हात आत होता आणि हात काही हसत नव्हता. “हे बघा,” त्यानं टॉर्च धरली. “हे ह्याचं टाळकं. टाळक्यावर हा पंखा. मधी एक पेस्ट असती, गारव्याची, ती वाळून खडू झालीय. आन् पंख्याला चार पाय प्लॅस्टिकचे, त्यातले दोन गळून पडले. पंखा फिरतोय, पण टाळक्याला टेकत नाय. मंग ताप जायचा कुठं? डोक्यात जातो, आन् हे बंद.”

“नवे पाय टाक.”

“कुठनं आणू? ह्याच्या बरोबरीचे समदे भंगारात गेले. छोड दो काका, दुसरा घ्या.”

सांडूनं डब्यात वाकून पाहिलं. टेकत नाही. ओल्या पट्ट्या वाळत होत्या, ठेवेपर्यंत. सुदर्शननं त्याच्याकडं एकदा पाहिलं, पिशवीतून सुईसारखी नळी काढली, जुना खडू खरवडला, टाळक्यावर पांढरा ठिपका ठेवला, आणि पंखा वरनं दाबून धरत म्हणाला, “दोरा हाय का कुठला?” सांडूनं पत्रिकांच्या गोंड्याचा लाल दोरा दिला. त्या दोऱ्यानं पंखा बांधला गेला, नवरा-नवरीच्या हातांना बांधतात तसा. चालू केल्यावर घरघर निम्म्यावर आली. चहा पिताना सुदर्शन म्हणाला, “काकूचे ते शॉर्टकट शोधताय ना तुम्ही? समदं एका फाईलीत असतंय. हार्डडिस्क काढतो, यादी काढून देतो. अक्षरं फुटतील, पण ती बदलून देणारा माणूस हाय माझ्या वळखीचा. एका बैठकीत वाचून घ्या, सुटला पिच्छा.”

“नको.”

“का पण?”

काय सांगणार? यादीला शेवटची ओळ असते. शेवटच्या ओळीखाली पांढरं असतं. आता निदान जे सापडलं नाही ते कुठंतरी आहे असं धरून तरी उठता येतं. सांडू म्हणाला, “एवढी घाई असती तर मी तिला बोलतानाच मधे तोडलं नसतं का?” सुदर्शनला ते पुरतं कळलं नाही, पण तो जिन्यावर थांबला. “मंग एक ऐका माझं. काय वाट्टेल ते करा, ह्याच्यापुढं कूलर लावू नका. बोअरच्या पाण्याची दमट हवा बोर्डाला लागली की मीठ धरतं. आठ दिवसांत राम.”

“व्हय, व्हय,” सांडू म्हणाला, आणि सुदर्शनची गाडी वळणाच्या पलीकडं गेल्यावर कूलर सरकवून आणला. ह्या शहरात जन्म काढलेला माणूस उन्हाळ्यात आणखी काय करणार? बाळंतिणीला कूलर, नवरदेवाला कूलर, मयताच्या उशाशीही कूलर लावलेला त्यानं पाहिला होता. आधी ओलं फडकं घालून झालं होतं, डबा फरशीवर ठेवून झाला होता, कुणी बघत नाही असं पाहून डोक्यावर कांदाही ठेवून झाला होता. कूलरसमोर मात्र धोंडूशेठ असे खुलले की पूर्वीची दुकानातली सकाळ आठवावी. दुपारभर चालले. कूलरच्या गवताचा ओला वास, पाण्याची टपटप, पंख्याची गार फुंकर त्या उघड्या डब्यात, आणि सांडू बाजूला कोपऱ्यात, बनियन पाठीला चिकटलेलं, घाम भुवयांतून चष्म्यावर.

सोनियाचा फोन आला. “बाबा, सुदर्शनदादा म्हणाला तुम्ही त्या डब्याला कूलर लावता आणि स्वतः घामात बसता?”

“सुदर्शनच्या सासऱ्याला विचार तो किती खरं बोलतो.”

“मी लॅपटॉप पाठवते. किंवा इकडं या. बाबा, तिकडं किती ऊन आहे माहितीय ना? आईला...”

“मी पळालो होतो,” सांडू म्हणाला. “कांदा घेऊन. बसमागं.”

“माहितीय, बाबा.”

“पार रेल्वे स्टेशनपर्यंत.”

“मागच्या वेळी महानुभाव आश्रमापर्यंत म्हणाला होतात,” सोनिया म्हणाली, अगदी हळू, चूक दाखवायची म्हणून नाही, अंधारात कुणाला पायरी आहे म्हणून सांगावं तसं. मग जेवलात का, गोळी घेतली का, हे झालं. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की गोळी घेतली का हे आईच्याच स्वरात होतं, फक्त ‘खोटं नको’ तिनं म्हटलं नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत बोर्डावर पांढरी बुरशी धरली, जुन्या विहिरीच्या काठावर धरते तशी. सांडूनं ती पाहिली आणि पाहिली नाही. धोंडूशेठ चालत होते. तीच तर अडचण होती. तापून बंद पडायचे तेव्हा रोज एक सबब मिळायची. आज वेळ कमी पडला, आज मधेच गेले, उद्या मारू. आता दुपार सगळी मोकळी, पडदा उजळ, कर्सर लुकलुकतोय, एखादं माणूस बोटानं टेबलावर टकटक करत बसावं तसा. सांडूनं उगाच ‘चष्मा’ मारलं. ‘कपाळावर बघा.’ चष्मा कपाळावरच होता. ‘थाप’ मारलं. ‘पुरे.’ बाहेर रस्त्यावर ऊन इतकं पांढरं की बघवत नव्हतं. शेजारच्या घरातली शिट्टी झाली कुकरची. त्यानं ‘अ’ मारला. जिभेवर तोच गंजलेला पत्रा आला. जिन्यावर चपलेचा आवाज, पाचवी, सहावी. ‘ग’ मारला. ती तेव्हा वळून बघणार होती का? पाऊल जरा थांबलं होतं का सहाव्या पायरीवर? थांबलं होतं असं त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणजे ते खरं असावं. वरचं टिंब दिलं. अगं. शब्द पूर्ण झाला. आयुष्यभर हजारदा हाक मारलेला शब्द, डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. दिसायला किती लहान! हाक आली की ‘ओ’ येते, हे संध्याचं. भर झोपेत हाक मारली तरी आधी ओ यायची आणि मग जाग. सांडूनं डोळे मिटले आणि स्पेसबार दाबला.

उघडले तेव्हा ‘अगं’ तसंच होतं. पुढं एक रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेपलीकडं कर्सर. त्याला वाटलं, उन्हानं शेठ मंदावलेत, वेळ लागेल. तो थांबला. कूलरचं पाणी टपटपत होतं. ओळ बदलून पुन्हा मारलं, पुन्हा दाबलं. अगं. अगं. अगं. एकाखाली एक ओळी झाल्या, शिक्षा म्हणून लिहायला लावल्यासारख्या. आणि मग सगळं कळलं, तेही किती सहज, एखादी पत्रिका वाचून खाली ठेवावी तसं. ती रागावलेली नव्हती. तिनं त्याचे सगळे शब्द धरले होते, चष्मा, मीठ, गोळी, शिवीसुद्धा. ज्या ज्या वाटेनं त्याचं बोट येईल त्या त्या वाटेवर ती उभी राहिली होती. फक्त ह्या वाटेवर ती उभी राहिली नव्हती, कारण ह्या वाटेनं तो येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावर तिनं दोन अक्षरंही खर्ची घातली नव्हती. आणि ती बरोबर होती. असं झालं नव्हतं, ती मागनं म्हणत होती. असं झालं नव्हतं.

सांडू उठला. कूलरला चाकं होती, त्यातलं एक तुटलेलं. त्यानं तो घसटत फिरवला आणि त्याचं तोंड स्वतःच्या खुर्चीकडं केलं. त्या उन्हाळ्यातली पहिली गार हवा त्याच्या छातीवर आली, इतकी गार की अंगावर काटा आला. मग उघड्या डब्यात हात घालून त्यानं पंख्याचा लाल दोरा सोडला. गाठ घट्ट होती, नखानं सोडवावी लागली, तोडला नाही. पंखा एका बाजूला कलला, घरघर सुरू झाली. सांडू खुर्चीत बसला, दोरा बोटाला गुंडाळत, आणि पडद्याकडं बघत राहिला. ओळी होत्या, अगं, अगं, अगं, उजेडात, कुणीही यावं आणि वाचावं अशा. घरघर वाढली. जळक्या धुळीचा, तापलेल्या पत्र्याचा वास आला. कुठंतरी ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, उन्हात कौल तडकतं तसा, सुस्कारासुद्धा आला नाही, आणि ओळी गेल्या. त्यानं बटण दाबून पाहिलं नाही.

उन्हं उतरल्यावर सुदर्शन आला, कुठलातरी पंखा भंगारातून मिळाला म्हणून कागदात गुंडाळून घेऊन. दारातच त्यानं वास घेतला. टॉर्च काढली, आत डोकावला, बोर्डावर बोट फिरवून ते चाटून पाहिलं आणि थुंकला. “मीठ. सांगितलं व्हतं. आन् हे इथं जळलंय, काळं पडलंय बघा. संपला खेळ, काका.” मग त्याला सुटलेला पंखा दिसला. मग टेबलावरचा दोरा, नीट गुंडाळून ठेवलेला, पत्रिकांचा गठ्ठा बांधायला ठेवतात तसा. त्यानं दोऱ्याकडं पाहिलं, कूलरच्या तोंडाकडं पाहिलं, सांडूकडं पाहिलं. टॉर्च विझवली.

“हार्डडिस्क काढू?” तो म्हणाला. “ती वाचली असंल.”

“कशाला? झालं की काम.”

“कसलं काम?”

“ओ दिली तिनं,” सांडू म्हणाला.

खाली रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला, खिडकीची तावदानं थरथरली. सुदर्शननं हातातला पंखा हळूच टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं आणि बसला. “बरं झालं, काका,” तो म्हणाला. “मंग? कशी दिली?”

“अरे, ऐक तर,” सांडूनं चष्मा कपाळावर सारला. आवाज सुरुवातीला जरा फाटला, मग लागला. “दुपारची वेळ. मी हाक मारली. मोठ्यानं मारली हां, पार खालच्या बिऱ्हाडाला ऐकू गेली. तर आधी धोंडूशेठचा पंखाच थांबला. गप्प. मांडवात मंगलाष्टकाआधी होतं तसं. आणि मग अशी ओ आली, अशी, की कूलरचं पाणी उडालं वर...” कूलरमधलं पाणी केव्हाच संपलं होतं. पंप कोरडाच ओढत होता, खरखर खरखर, आणि त्या खरखरीवरून आवाज चढवत सांडू सांगत राहिला.